उत्तरबाईंचं शून्य

गणिताच्या पुस्तकात शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत उत्तरं छापलेली असतात. ती कुणीतरी खुर्चीत बसून, पंख्याखाली, जेवणाची सुट्टी चुकवून काढलेली असतात, हे मला त्या छापखान्यात लागेपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. ती आपोआप येत असावीत, झाडाला पानं यावीत तशी, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. आमच्याकडे ती उत्तरबाई काढायच्या.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण हाक कुणी त्या नावाने मारत नसे. मालक, मशीनवरची माणसं, खाली पुस्तकं शिवणाऱ्या मावशी, सगळ्यांच्या तोंडी उत्तरबाई. मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा त्या चाळिशीच्या आत-बाहेर होत्या. उंच, किंचित वाकलेल्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. लग्नाआधी गणित घेऊन पदवी मिळवलेली. शिक्षिका व्हायचं होतं, पण नवऱ्याची बदली, सासूचं आजारपण, मग लेकीचा जन्म असं करत ते राहून गेलं. आमचा छापखाना शाळेच्या पोरांसाठी गाईडं काढायचा. सगळ्या विषयांची होती, पण छापखाना चालायचा तो बीजगणिताच्या गाईडवर. त्याच्या मुखपृष्ठावर ‘अनुभवी प्राध्यापकांच्या मंडळाने तयार केलेले’ असं छापलेलं असे. ते मंडळ म्हणजे उत्तरबाई. एकट्या. अध्यक्षही त्याच, सभासदही त्याच, आणि मंडळाचा चहा करणाऱ्याही त्याच.

त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. पुढे त्यांच्या हाताला कंप सुटला आणि ज्या धंद्यात हात हलून चालत नाही त्याच धंद्यात ते नेमके होते. दुकान बंद झालं. मालकांनी मोठेपणा दाखवून छापखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या बाईंना राहायला दिल्या. नोकरी आहे तोवर घर. तेव्हा सगळ्यांना ती कृपा वाटली, बाईंनाही वाटली. सकाळी जिना उतरलं की काम आणि संध्याकाळी जिना चढलं की घर. सरस, शाई आणि मशीनचा धडधडाट दोन्हीकडे सारखाच. त्यांच्या घरात पाण्याचा पेला टेबलावर ठेवला तर मशीन चालू असताना पाण्यावर वर्तुळं उठत.

आता त्या गणिताकडे येते.

गणित अगदी साधं होतं. एका संख्येचा वर्ग हा त्या संख्येच्या सातपटीइतका आहे, तर ती संख्या कोणती? बाईंनी लिहिलं होतं: ती संख्या क्ष मानू. क्षचा वर्ग बरोबर सात क्ष. दोन्ही बाजूंना क्ष ने भागून, म्हणून साहजिकच, क्ष बरोबर सात. ‘म्हणून साहजिकच’ हा बाईंचा आवडता शब्दप्रयोग होता. त्यांचं कुठलंही गणित घ्या, शेवटून दुसऱ्या ओळीत तो हजर. हे गाईड त्यांचं पहिलंच होतं. मशीन रिकामं उभं होतं, मालक दर तासाला दारात येऊन घसा खाकरत होते. बाईंच्या हाताला सराव होता, हात चालला आणि सात लिहून पुढे गेला. हेडमास्तरांनी तपासलं. हे आमचे संपादक, एका शाळेतून निवृत्त होऊन आलेले. त्यांनाही सात बरोबर वाटलं. सात बरोबर होतंच. तीच तर अडचण.

पुस्तक निघालं, खपलं, दुसरी आवृत्ती निघाली, तिसरी निघाली. बाईंची लेक तोवर बीजगणिताच्या वयाला आली. एके रविवारी गच्चीवर दोघी मायलेकी वाळलेले कपडे काढत होत्या. पोरीने सहज विचारलं की आई, ती संख्या शून्य असली तर चालत नाही का? शून्याचा वर्ग शून्य आणि शून्याची सातपट पण शून्यच.

बाईंनी मला हे पुढे कितीतरी वेळा सांगितलं. त्या म्हणायच्या, “मी हातातली चादर घडी करत होते. घडी अर्धी झाली आणि पुढे कशी करायची तेच आठवेना.”

कुठे घसरलं ते त्यांना तत्क्षणी कळलं. क्ष ने भागलं तिथे. क्ष म्हणजे काय ते अजून माहीत नाही, तो शून्यही असू शकतो, आणि शून्याने भागायला गणितात बंदी आहे. भागलं की त्या संख्येचं शून्य असणंच पुसलं जातं. दोन उत्तरांतलं एक कायमचं गडप. मला बीजगणिताची गोडी कधीच नव्हती, म्हणून मी विचारलं होतं की एवढं काय आहे त्या शून्यात. बाई म्हणाल्या, “पाच गुणिले शून्य किती? शून्य. नऊ गुणिले शून्य? तेही शून्यच. म्हणजे दोन्ही सारखे. आता दोन्हीकडचं शून्य उडव. काय राहिलं? पाच बरोबर नऊ. शून्य उडवायला परवानगी दिलीस ना, की मग कुणालाही काहीही सिद्ध करून दाखवता येतं.”

सोमवारी सकाळी त्या हेडमास्तरांच्या टेबलापाशी गेल्या. मी शेजारीच टाईप करत होते. त्यांनी सरळ सांगितलं की सर, माझ्या हातून चूक झालीय, पुढच्या आवृत्तीत सुधारू या. हेडमास्तरांनी पान उघडलं, चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले की सात बरोबरच आहे, करून बघा. बाई म्हणाल्या की सात बरोबर आहे, पण रीत चूक आहे आणि दुसरं उत्तर हरवलंय. हेडमास्तर म्हणाले की शून्य ही काय संख्या आहे होय, पोरांना उगाच गोंधळात कशाला टाकायचं.

तेव्हा बाईंनी एका प्रुफाची कोरी बाजू पुढे ओढली आणि पेन्सिलने लिहायला लागल्या. अ आणि ब या दोन समान संख्या धरा. दोन्ही बाजूंना अ ने गुणा. म्हणजे अ वर्ग बरोबर अब. दोन्हीकडून ब वर्ग वजा करा. आता अवयव पाडा. डावीकडे अ अधिक ब आणि अ वजा ब यांचा गुणाकार, उजवीकडे ब आणि अ वजा ब यांचा. दोन्हीकडे अ वजा ब आहे, तो उडवा. राहिलं अ अधिक ब बरोबर ब. पण अ आणि ब समानच धरलेत, म्हणजे दोन ब बरोबर एक ब. म्हणजे दोन बरोबर एक.

“अ वजा ब म्हणजे शून्य आहे, सर,” त्या म्हणाल्या. “मी त्या शून्याने भागलं. त्या सातच्या गणितात मी हेच केलंय.”

हेडमास्तर त्या कागदाकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही हसू पसरलं की मला वाटलं, पटलं. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाले की वा बाई, फारच झकास आहे.

नवी आवृत्ती आली तेव्हा कळलं काय झकास होतं ते. शेवटच्या पानावर एक नवी चौकट होती, वेलबुट्टीची, ‘गंमत गणिताची : दोन बरोबर एक’. खाली बाईंची सिद्धता जशीच्या तशी आणि त्याखाली एक ओळ : ‘विद्यार्थी मित्रहो, शून्याने कधीही भागू नये.’ आणि आतल्या पानावर बाईंचं गणित पूर्वीसारखंच क्ष ने भागून, म्हणून साहजिकच, सातवर उभं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते असं. बाईंनी दोन्ही पानं शेजारी-शेजारी उघडून कितीतरी वेळ हातात धरली होती.

इथे थांबलं असतं तरी एक वेळ निभावलं असतं. पण आमचं गाईड खपत होतं म्हणून इतर प्रकाशकांनी त्यातली गणितं उचलली. उचलली हे कसं कळलं, तर प्रत्येकात शेवटून दुसऱ्या ओळीत ‘म्हणून साहजिकच’. मग परीक्षा मंडळात प्रश्न काढणाऱ्यांपैकी कुणीतरी कुठलंसं गाईड चाळलं असावं. त्या वर्षी शाळेच्या शेवटच्या परीक्षेत ते गणित आलं, दोन मार्कांना. तपासनिसांना जी नमुना उत्तरं पाठवतात त्यांत लिहिलं होतं की ‘ती संख्या’ असं एकवचन असल्याने एकच उत्तर अपेक्षित, सात, आणि दोन उत्तरं लिहिल्यास गुण देऊ नयेत. ज्या पोरांना शून्य सापडलं त्यांना शून्य मिळालं.

हे बाईंना कळलं ते गावच्या वर्तमानपत्रातल्या छोट्याशा तक्रारीवरून. कुणा पालकाने लिहिली होती. त्यांनी रजा टाकली आणि परीक्षा मंडळाच्या कचेरीत गेल्या. मलाही बरोबर घेतलं, कारण एकटीला धीर होत नव्हता.

लांबलचक हॉल, बाकं, खिडक्यांना जाळ्या. आक्षेप घेण्याच्या खिडकीत बसलेला कारकून भला माणूस होता. त्याने बाईंना आत बोलावून खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की आक्षेप नोंदवायचा तर मान्यताप्राप्त पुस्तकातला आधार जोडावा लागतो. बाई म्हणाल्या की मान्यताप्राप्त पुस्तकंच चुकली आहेत, हाच आक्षेप आहे. तो म्हणाला, मग ज्या प्रकाशकाचं मूळ पुस्तक असेल त्याचं तसं पत्र आणा. बाईंनी सांगितलं की मूळ पुस्तक मीच लिहिलंय. त्याने पुस्तक उलटून मुखपृष्ठ पाहिलं. तिथे प्राध्यापकांचं मंडळ होतं.

“बाई, शून्याचा वर्ग शून्य, हे मलाही कळतं,” तो म्हणाला. “तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतंय. पण मला पटून काय उपयोग?”

जिन्यावरून उतरताना बाई एवढंच म्हणाल्या की तो नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं.

पत्रासाठी त्या मालकांकडे गेल्या. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी यजमानांच्या तब्येतीची चौकशी केली, मग पत्राचं ऐकल्यावर बराच वेळ मान हलवत राहिले. म्हणाले की असं पत्र द्यायचं म्हणजे चूक होती हे लिहून द्यायचं. उद्या पोरं विचारतील, आमचे मार्क गेले त्याचं काय. शाळा विचारतील. आणि बाई, तुम्हालाच विचारतील सगळ्यांत आधी. मग तुम्हाला ठेवून घेणं मला कठीण जाईल, आणि वरच्या खोल्या तर नोकरीबरोबरच्या आहेत, ते तुम्हाला माहीतच आहे. हे त्यांनी धमकीसारखं म्हटलं नाही. काळजीने म्हटलं. त्यामुळे त्यावर चिडताही येईना.

इकडे आड, तिकडे विहीर. बाई गप्प बसल्या. पण त्या वर्षी नव्या आवृत्तीची प्रुफं त्यांच्याकडे आली तेव्हा त्यांनी कुणाला न विचारता ते गणित बदललं. क्ष वर्ग वजा सात क्ष बरोबर शून्य, क्ष सामाईक काढा, म्हणून क्ष शून्य किंवा क्ष सात. मागच्या पानावर ‘० किंवा ७’. कागद माझ्या टेबलावर ठेवताना म्हणाल्या की आहे तसं टाईप कर. मी केलं. हेडमास्तर तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर होते.

पुस्तक बाजारात गेलं आणि बाईंचा चेहराच बदलला. पहिल्यांदाच मी त्यांना गुणगुणताना ऐकलं. जेवणाच्या सुट्टीत त्या खाली मावशींच्यात जाऊन बसायला लागल्या. यजमानांना संध्याकाळी हात धरून फिरायला नेऊ लागल्या. मला वाटलं, संपलं एकदाचं.

मग शाळांचे फोन यायला लागले. तुमच्या गाईडातलं उत्तर परीक्षा मंडळाच्या नमुना उत्तराशी जुळत नाही. बाकी सगळ्या गाईडांत सात आहे, तुमच्याच गाईडात चूक कशी? एका दुकानदाराने गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले. हेडमास्तर डोळ्याला हिरवी पट्टी लावून धावत आले. मालकांनी दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते बाईंनी कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात मला टाईप करायला एक चिठ्ठी होती. हेडमास्तरांच्या अक्षरात. ‘शुद्धिपत्र : उत्तरांच्या पानावर ० किंवा ७ असे छापले गेले आहे. तेथे ७ असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’

मी बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “कर टाईप. शुद्धलेखन बघून कर.”

परत आलेली आणि गोदामातली पुस्तकं मिळून ढीग छताला लागला होता. शिवणाऱ्या मावशींना हात कमी पडत होते, म्हणून मालकांनी वरच्या सगळ्यांना खाली तळघरात बोलावलं. आम्ही जमिनीवर भिंतीला पाठ टेकून ओळीने बसलो. पुस्तक उघडायचं, पान काढायचं, चिठ्ठीला सरस लावायचा, चिकटवायची, दाबायची, बाजूला ठेवायची. बाईही बसल्या होत्या. त्यांची चिठ्ठी सगळ्यांपेक्षा सरळ बसायची, कडेला कड. शेजारच्या मावशीने विचारलं की बाई, काय चुकलं होतं एवढं? बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या की एक संख्या जास्त पडली होती. मावशी म्हणाली, होतं असं, शिवणीतही कधी कधी पानांची एक घडी, एक फर्मा, जास्त जातो. बाई म्हणाल्या, हो ना.

वर एक काच होती, तिच्यातून पाय दिसायचे रस्त्यावरचे. लोक येत-जात होते. बाई मधेच मान वर करून त्या पायांकडे बघायच्या आणि पुढचं पुस्तक ओढायच्या.

त्यानंतरच्या वर्षी त्यांची लेक परीक्षेला बसली. पोर हुशार होती, आईवर गेलेली, पण आईपेक्षा धीट. ते गणित परीक्षकांच्या आवडीचं झालं होतं, ह्या ना त्या रूपात फिरून फिरून यायचं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बाई भाजी निवडत होत्या आणि लेकीने विचारलं की ते आलं तर काय करू. बाई म्हणाल्या की तुला बरोबर वाटेल ते लिही.

पोर म्हणाली, “बरोबर काय ते मला माहीत आहे, आई. लिहायचं काय ते विचारतेय.”

बाईंना उत्तर देता आलं नाही. आयुष्यभर उत्तरं दिलेल्या बाईला. दोन्ही लिही म्हणावं तर आपल्या चुकीची किंमत पोरीने मोजायची. सात लिही म्हणावं तर ती चूक आईच्याच तोंडून जायची. यजमान पलंगावरून ऐकत होते. ते म्हणाले की अगं, काहीतरी सांग तिला. बाई उठल्या आणि भाजीची देठं टाकायला बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा पोर दिवा मालवून झोपली होती, किंवा झोपल्यासारखी पडली होती.

ते गणित आलं. पेपर झाल्यावर बाईंनी फाटकातच विचारलं, काय लिहिलंस. पोर म्हणाली, सात. मग जरा पुढे चालून गेल्यावर म्हणाली की आधी दोन्ही लिहिली होती. मग शून्य खोडलं. नीट खोडलं, दिसणार नाही असं.

निकाल लागला तेव्हा तिला गणितात पैकीच्या पैकी मार्क होते. मालकांना खरंच आनंद झाला. त्यांनी तिला पेन दिलं, तिचा फोटो मागून घेतला आणि पुढच्या आवृत्तीच्या मलपृष्ठावर छापला : ‘आमच्या गाईडच्या साहाय्याने बीजगणितात पूर्ण गुण मिळवणारी विद्यार्थिनी’. त्यात खोटं काही नव्हतं. बाईंनी तो फोटो पाहिला तेव्हा मी समोर होते. त्यांनी पुस्तक पालथं घातलं, पण पालथं घातलं की फोटोच वर येणार. मग पुन्हा सुलटं केलं आणि त्यावर डबा ठेवला.

पोरीने पुढे गणित घेतलं नाही. सगळ्यांनी समजावलं, हेडमास्तर घरी येऊन गेले, पण ती भाषा घेऊन दुसऱ्या गावच्या कॉलेजात गेली. कारण कधी सांगितलं नाही. बाईंनी विचारलंही नसावं. रविवारी तिचा फोन येत असे आणि दोघी जेवणाखाण्याचं बोलत.

मग दोन-तीन वर्षांनी अभ्यासक्रम बदलला. कुठल्याशा समितीला ते प्रकरण कठीण वाटलं आणि तिने ते वरच्या वर्गात ढकललं, तिथे आमचं गाईड नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला, असं हेडमास्तर म्हणाले आणि त्यांनी पेढ्याऐवजी सगळ्यांना चहा पाजला. जुनी पुस्तकं रद्दीत गेली. ती चूक कुणी सुधारली नाही, कुणी कबूल केली नाही, तिला शिक्षा झाली नाही. ती नुसती मोडीत निघाली. मला हलकं वाटलं. बाईंकडे पाहिलं तर त्या नव्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण घेऊन बसल्या होत्या, आणि जिथे जिथे भागाकार येईल तिथे कंसात लिहीत होत्या : ‘हा भाजक शून्य नसेल तर’. सहाला तीनने भागायचं असलं तरीही. हेडमास्तर ते लाल पेनने खोडायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा असायचं.

सुटायची एक वाट मधे आली होती, ती सांगायलाच हवी. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेत गणिताची जागा निघाली, राहायला घरासकट. अर्ज मीच टाईप केला. बाईंनी चष्म्याला नवी काडी बसवून घेतली. यजमानांनी थरथरत्या हातांनी त्यांच्या पर्समध्ये जास्तीचा रुमाल ठेवला. मुलाखतीला तीन जण होते. इकडचं तिकडचं झाल्यावर मुख्याध्यापिकेने एक समीकरण फळ्यावर लिहिलं आणि म्हणाली, वर्गात सोडवून दाखवाल तसं सोडवा. डावीकडे क्ष वजा तीन आणि क्ष अधिक दोन यांचा गुणाकार, उजवीकडे चार आणि क्ष वजा तीन यांचा.

दोन्हीकडे क्ष वजा तीन. बाईंना बघताक्षणी कळलं की भागलं तर क्ष दोन येतो आणि तीन हरवतो. भागायचं नाही, सगळं एका बाजूला आणायचं, की दोन आणि तीन दोन्ही मिळतात. त्यांना ते झोपेत आलं असतं. त्या खडू घेऊन फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांचा हात उचलेना. समोर तीन माणसं होती आणि त्यांना कुठलं उत्तर हवंय ते माहीत नव्हतं.

शेवटी त्यांनी मागे वळून विचारलं, “तुमच्याकडे कोणतं गाईड वापरतात?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण हसला आणि खोकल्याचं निमित्त केलं. मग बाईंनी गडबडीने दोन्ही उत्तरं काढून दाखवली, सुरेख मांडणी करून, प्रत्येक पायरी समजावून. मुख्याध्यापिका म्हणाली की उत्तर अगदी बरोबर आहे, आम्हाला दोन्हीच हवी होती. पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

हे सगळं बाईंनी मला दुसऱ्या दिवशी टेबलापाशी उभं राहून सांगितलं. हसत नव्हत्या आणि रडतही नव्हत्या. मी म्हटलं की बाई, असं कसं विचारलंत हो. त्या म्हणाल्या, “मला वाटलं, तेवढं विचारून घेतलेलं बरं.”

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि मी छापखाना सोडला. बाई आहेत तिथेच आहेत. यजमानांना आता चमच्याने भरवावं लागतं. लेक मोठ्या गावात भाषांतराचं काम करते. आईबाबांना माझ्याकडे या म्हणते. बाई म्हणतात, ह्या वर्षीचं पुस्तक संपलं की बघू. मधे मी गेले होते तेव्हा त्या अपूर्णांकांचं प्रकरण करत होत्या. माझ्याशी बोलता बोलता त्यांचा हात चालूच होता. यजमानांचं जेवण झालं का ते बघायला त्या मधेच वर गेल्या. मी त्यांची वाट बघत बसले. टेबलावरच्या कागदावर सरळ, सुंदर अक्षरात गणितं शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत सोडवलेली होती, आणि सगळ्या गणितांच्या उत्तरांची जागा तेवढी कोरी होती.